माइटर सॉची घरच्या घरी दुरुस्ती आणि कोनजुळणी

माइटर सॉवर (ठरावीक कोनात लाकूड कापणाऱ्या, मेज जोडलेल्या विजेच्या करवतीवर) कापलेल्या चौकटीचे तीन कोपरे नीट बसतात आणि चौथ्या कोपऱ्यात फट राहते, तेव्हा बहुतेकांचा हात सर्वांत आधी कोन बदलणाऱ्या बोल्टकडे जातो. हा क्रम उलटा आहे. कोन हे या यंत्रात सर्वांत शेवटी जुळवायचे असतात. त्याआधी पाते सरळ फिरते आहे, पाते धरणारे डोके बिजागरीत हलत नाही, आणि ज्या मेजाच्या व फेन्सच्या (लाकूड टेकवण्याच्या उभ्या कठड्याच्या) आधाराने कोन मोजायचा ते दोन्ही सपाट आहेत, याची खात्री करावी लागते. यांपैकी एखादी गोष्ट ढिली असताना कोन जुळवला तर ती जुळणी चार-दोन कापांपुरती टिकते, कारण आपण मूळ दोष काढलेला नसतो, त्याच्या विरुद्ध दिशेचा दुसरा दोष त्यात घातलेला असतो.

पुढील मजकुरात दोन कोनांचा उल्लेख वारंवार येईल. मेज डावीकडे-उजवीकडे फिरवून मिळतो त्याला ‘आडवा कोन’ म्हटले आहे आणि पाते बाजूला झुकवून मिळतो त्याला ‘कल’ म्हटले आहे.

अचूकता किती हवी, हे आधी ठरवलेले बरे. चार बाजूंच्या चौकटीत आठ काप असतात. सपाट पट्ट्या उलटून-पालटून हे सर्व काप एकाच बाजूच्या ४५ अंशांवर घेतले, तर प्रत्येक कापातील पाव अंशाचा दोष आठ वेळा साठतो आणि शेवटच्या कोपऱ्यात २ अंश होतो. ७५ मिमी रुंद पट्टीवर तिरक्या कापाची लांबी सुमारे १०६ मिमी भरते, म्हणजे त्या कोपऱ्यात जवळपास ३.७ मिमीची फट दिसेल. यंत्रावर छापलेल्या मोजपट्टीवर पाव अंश डोळ्यांनी धड वाचताही येत नाही. त्यामुळे या कामात मोजपट्टीवर विसंबून चालत नाही, प्रत्यक्ष कापून पाहावे लागते.

तयारी

कोणतेही आवरण उघडण्यापूर्वी किंवा पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा. बॅटरीवर चालणारे यंत्र असेल तर बॅटरी वेगळी करून बाजूला ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुळणी करताना एक हात हँडलवर असतो आणि खटका नेमका तिथेच असतो. मोजमापाची सर्व कामे प्लग काढून करायची आणि चाचणीचा काप घेण्यापुरताच तो लावायचा.

साधनांत एलन कींचा संच, पान्हे, फीलर गेज (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या), किमान ६० सेंमी लांबीची खात्रीची सरळ धातूची पट्टी आणि एक चांगला गुण्या लागतो. डायल गेज (सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणारे मापक) असल्यास उत्तम, नसल्यास काम अडत नाही. गुण्या मात्र आधी तपासून घ्यावा. सरळ कडेच्या फळीला त्याचा दांडा टेकवून धारदार पेन्सिलीने एक रेघ मारावी, गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मा दोष गुण्यात आहे आणि तो या कामातून बाद करावा.

यानंतर संपूर्ण यंत्र स्वच्छ करावे. मेजाखालच्या खाचांत, बिजागरीत आणि फेन्सच्या मागे साठलेला भुसा दाबला जाऊन घट्ट बसतो आणि डोके किंवा मेज पूर्ण जागेवर जाऊ देत नाही. शून्य अंशाची खाच (जिच्यात मेज त्या कोनावर अडकते) भुशाने अर्धवट भरलेली असणे, हे चुकलेल्या आडव्या कोनाचे अगदी नेहमीचे कारण आहे. जोराच्या हवेने भुसा बेअरिंगमध्ये ढकलला जाण्याची शक्यता असते, म्हणून मला ब्रश आणि व्हॅक्यूम अधिक पसंत आहेत.

मोटर चालत नसेल किंवा अडखळत असेल तर

वायरवर चालणाऱ्या बहुतांश यंत्रांत कार्बन ब्रशची (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची) मोटर असते आणि तिच्या तक्रारींत सर्वाधिक वाटा झिजलेल्या ब्रशचा असतो. मोटर कधी चालते, कधी चालत नाही, हँडलला हलका धक्का दिला की सुरू होते, आत मोठ्या ठिणग्या दिसतात, किंवा खटका सोडल्यावर पाते पूर्वीसारखे चटकन न थांबता फिरत राहते, ही त्याची लक्षणे आहेत. शेवटच्या लक्षणाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. विद्युत ब्रेक असलेल्या यंत्रात ब्रेकचा प्रवाहही याच ब्रशमधून जातो, त्यामुळे ब्रश झिजले की मोटर चालत असूनही ब्रेक अधूनमधून लागेनासा होतो.

मोटरच्या दोन विरुद्ध बाजूंना खाच असलेली प्लास्टिकची झाकणे असतात. ती खाचेत पूर्ण बसणाऱ्या रुंद स्क्रूड्रायव्हरने उघडावीत, आणि स्प्रिंग उसळून बाहेर येते म्हणून झाकणावर बोट ठेवूनच सोडावीत. ब्रशवर झिजेची रेघ असल्यास ती पाहावी. रेघ नसेल तर कार्बनचा भाग साधारण ६ मिमीपेक्षा कमी उरल्यावर ब्रश बदलावेत, आणि ते नेहमी जोडीनेच बदलावेत. जुनेच ब्रश परत घालायचे असतील तर ते ज्या दिशेने निघाले त्याच दिशेने बसवावेत, कारण त्यांचे टोक कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाच्या) गोलाईप्रमाणे झिजलेले असते. नवे ब्रश बसवल्यानंतर यंत्र काही मिनिटे कोणतेही लाकूड न कापता चालवावे, म्हणजे ब्रशच्या टोकाला ती गोलाई येते.

नव्या ब्रशनंतरही कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसत असेल, जळका वास येत असेल, किंवा कम्युटेटरच्या ठरावीक पट्ट्या काळवंडलेल्या असतील, तर दोष आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरत्या भागात) आहे. ते काम जाणकार कारागिराकडे सोपवावे. मोटर मुळीच सुरू होत नसेल तर आधी सॉकेट, मग वायर आणि त्यानंतर खटका तपासावा. वायर हँडलमध्ये शिरते तिथे वारंवार वाकून आतून तुटते आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. चिकटपट्टी गुंडाळून ही जागा दुरुस्त होत नाही. खराब भाग कापून वायर पुन्हा जोडावी किंवा पूर्ण बदलावी आणि आत तिला ताण घेणाऱ्या पट्टीखाली नीट आवळावे.

पाते, वॉशर आणि डोक्याचा ढिलेपणा

पाते काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: बहुतेक माइटर सॉमध्ये पात्याच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर ढिला होतो. आवरणावर बाण असल्यास तो आधी पाहावा. नेहमीच्या सवयीने जोर लावत राहिल्यास बोल्ट आणखी आवळतो किंवा स्पिंडल (पाते फिरवणारा दांडा) अडवणारी खिट्टी तुटते.

पाते निघाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे वॉशर आणि ते टेकतात तो पात्याचा भाग कापडाने पुसून बोटाने चाचपावा. तिथे चिकटलेला राळेचा एक कण पात्याच्या मध्याजवळ नगण्य असतो, परंतु त्याचा परिणाम कडेपर्यंत कित्येक पटींनी वाढतो. वॉशरच्या कडेला ठोका लागून उंचवटा आला असेल तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर वॉशर गोल फिरवत तो उंचवटा घासून काढावा. पाते पुन्हा बसवताना त्यावरील बाण आवरणावरील बाणाशी जुळावा आणि समोरच्या बाजूचे दाते खाली झुकलेले असावेत. नवे पाते घेतले असेल तर त्यावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसल्याची खात्री करावी.

आता पाते डुलते का ते पाहावे. डायल गेज असल्यास त्याची सुई दात्यांना न लावता, दात्यांच्या आतल्या सपाट भागावर कडेजवळ टेकवावी आणि पाते हाताने सावकाश फिरवावे. येथे एक अडचण अशी येते की यंत्राचे मेज बहुधा ॲल्युमिनियमचे ओतीव असते आणि गेजचा चुंबकी पाया त्यावर चिकटत नाही, म्हणून मेजावर लोखंडी पट्टी शिकंज्याने बांधून तिच्यावर पाया बसवावा. गेज नसेल तर मेजावर लाकडाचा तुकडा पक्का बांधून तो पात्याला जेमतेम टेकेल असा ठेवावा आणि पाते फिरवताना पडणारी फट फीलर गेजने मोजावी. कडेजवळ ०.१ मिमीच्या आसपासचे डुलणे घरगुती यंत्रात स्वीकारण्याजोगे समजावे. ०.३ मिमी किंवा अधिक असेल तर कारण शोधावे. त्यासाठी सर्वाधिक डुलण्याच्या जागी पात्यावर खूण करावी, पाते स्पिंडलवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि पुन्हा मोजावे. सर्वाधिक डुलणे खुणेबरोबर सरकले तर पाते वाकलेले आहे. ते स्पिंडलच्या जुन्याच जागी राहिले तर दोष वॉशरमध्ये, स्पिंडलमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे.

डोक्याचा ढिलेपणा शोधण्याची रीत सोपी आहे, तरी ती बहुधा वगळली जाते. डोके अर्धवट खाली आणून हँडल हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे ढकलावे आणि दुसऱ्या हाताचे बोट आळीपाळीने प्रत्येक सांध्यावर ठेवावे: डोके वर-खाली होणारी बिजागरी, कल देणारा मागचा सांधा, सरकते यंत्र (ज्याचे डोके पुढे-मागेही सरकते) असल्यास रेल, आणि शेवटी मेजाचा मध्यबोल्ट. जिथे बोटाखाली दोन भाग एकमेकांवर घसरताना जाणवतात तिथे ढिलेपणा आहे. बिजागरीचे नट थोडे-थोडे आवळावे. बाजूचे हलणे थांबले आणि तरीही डोके स्प्रिंगच्या जोरावर आपोआप पूर्ण वर जाते, ही योग्य मर्यादा. डोके मध्येच अडकू लागले तर नट जास्त आवळला आहे. मध्यबोल्ट यंत्र आडवे करून खालून तपासावा लागतो. तो सैल असेल तर कापताना फिरते मेज किंचित उचलले जाते आणि काप दरवेळी वेगळा येतो.

सरकत्या यंत्राच्या रेल कोरड्या कापडाने पुसून त्यांवर कोरडे वंगण वापरावे. घट्ट ग्रीस लावल्यास त्यात भुसा मिसळून घासणारा लगदा तयार होतो. खालचे संरक्षक आवरण हातात घेण्याची वेळही हीच. त्याची स्प्रिंग व जोडपट्टी साफ करून ते अडखळत नाही ना ते पाहावे. ते दोरीने वर बांधून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, तिचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

मेज आणि फेन्स

सरळ पट्टी मेजावर लांबीच्या दिशेने आणि तिरकी ठेवून तिच्याखालून उजेड येतो का ते पाहावे. फिरते मेज आणि बाजूचे स्थिर भाग यांच्या उंचीत थोडा फरक अनेक यंत्रांत असतो आणि तो दुरुस्त करण्याची सोय बहुधा नसते. तो लक्षात ठेवून चाचणीचे लाकूड फिरत्या मेजावर नीट टेकेल असे धरावे.

फेन्सचे मात्र तसे नाही. तिचे डावे व उजवे अंग एका रेषेत नसेल तर पुढील सर्व मोजमाप निरर्थक ठरते, कारण डाव्या अंगाशी काटकोन जुळवला की उजव्या अंगाशी तो चुकतो. लांब पट्टी दोन्ही अंगांवर एकदम टेकवावी आणि फट दिसते तिथे फीलर गेज घालून पाहावा. दोन अंगे स्वतंत्र असतील तर बोल्ट सैल करून पट्टीच्या आधारे एका ओळीत आणावीत. ती मागून जोडलेली एकच ओतीव असेल आणि वाकलेली असेल, तर तिच्यावर वाकलेल्या बाजूला कागदाच्या पट्ट्या चिकटवून सरळ केलेल्या प्लायवुडची दुसरी फेन्स बसवणे हा ओतीव धातू वाकवण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे. साधा छपाईचा कागद सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो, तेव्हा अशा पाचरींचा हिशेब सोपा जातो. फेन्स मेजाशीही काटकोनात उभी असावी. ती मागे किंवा पुढे झुकलेली असेल तर उभ्या धरलेल्या फळीचा काप चुकतो आणि त्याचा दोष विनाकारण पात्यावर येतो.

आडवा कोन

मेज शून्याच्या खाचेत बसवून कुलूप आवळावे, डोके खाली आणून खिट्टीने अडकवावे. गुण्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याला टेकवावी. पात्याच्या दात्यांना सपाट पात्याहून जाड टोके असतात, म्हणून गुण्या दोन दात्यांच्या मधल्या खोबणीतून थेट सपाट पात्याला टेकला पाहिजे. दात्याला टेकलेला गुण्या नेहमीच खोटे सांगतो.

फट दिसली तर दुरुस्ती कुठे करायची, हे यंत्राच्या रचनेवर अवलंबून असते. काही यंत्रांत फेन्सचे बोल्ट सैल करून फेन्सच फिरवायची असते. काहींत खाचा असलेली पट्टी मेजाला तीन-चार स्क्रूंनी लावलेली असते आणि ते सैल करून मेजासह डोके किंचित सरकवता येते. दोन्ही सोयी असलेल्या यंत्रात मी खाचांची पट्टी हलवणे पसंत करतो, कारण आधी सरळ केलेली फेन्स मग पुन्हा बिघडत नाही. बोल्ट आवळताना ते एकदम पूर्ण न आवळता आलटूनपालटून आवळावेत आणि आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे, कारण शेवटच्या पाव फेऱ्यात जुळणी हमखास सरकते.

गुण्याने केलेली ही जुळणी कच्ची समजावी. पक्की जुळणी उलट-कापाने होते. किमान १५० मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर असलेला प्लायवुड किंवा एमडीएफचा तुकडा घ्यावा, तो फेन्सला टेकवून आडवा ठेवावा आणि मधोमध कापावा. पाते पूर्ण वेगात आल्यावर डोके सावकाश खाली आणावे आणि काप पूर्ण झाल्यावर पाते थांबेपर्यंत ते वर उचलू नये. आता उजवीकडचा तुकडा त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती पालथा करावा, म्हणजे फेन्सला टेकलेली कड समोर येईल, आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडे जुळवावीत. काप काटकोनी असेल तर तोंडे पूर्ण मिटतात. नसेल तर एका टोकाला फट राहते आणि ती प्रत्यक्ष दोषाच्या दुप्पट असते. १५० मिमी रुंदीवर १ मिमीची फट म्हणजे दोष ०.५ मिमीचा, अर्थात सुमारे ०.१९ अंशाचा. दोष दुप्पट दिसत असल्यामुळे ही चाचणी कोणत्याही घरगुती गुण्यापेक्षा तीक्ष्ण आहे, आणि तिला गुण्याच्या खरेपणाची गरजही लागत नाही.

सरकत्या यंत्रात आणखी एक गुंतागुंत आहे. तेथे कापाची दिशा पात्याच्या पृष्ठभागापेक्षा रेलच्या दिशेने ठरते, त्यामुळे गुण्याने पाते जुळले तरी रुंद फळीचा काप काटकोनी येईलच असे नाही. पाते रेलशी समांतर नसेल तर मागचे दाते कापाची एक बाजू पुन्हा घासतात आणि त्याच बाजूला ओरखडे किंवा करपलेल्या खुणा उमटतात. तपासणीसाठी पात्याच्या पुढच्या भागावर एक खूण करून तिथे डायल गेजचे माप घ्यावे, मग डोके सरकवून आणि पाते फिरवून तीच खूण मागच्या बाजूने गेजखाली आणावी. दोन्ही मापे सारखी यायला हवीत. एकच बिंदू दोनदा मोजल्यामुळे पात्याचे डुलणे यात मिसळत नाही.

कल

कलाची जुळणी आडव्या कोनानंतरच करावी. मागच्या सांध्याजवळ चेकनट (बोल्ट हलू नये म्हणून त्यावर आवळलेला नट) असलेले थांबा-बोल्ट असतात: एक उभ्या पात्यासाठी आणि एक ४५ अंशांसाठी, आणि दोन्हीकडे झुकणाऱ्या यंत्रात आणखी एक. मेजावर गुण्या उभा ठेवून तो पूर्वीप्रमाणेच दात्यांमधून पात्याला टेकवावा. कलाचे कुलूप सैल असताना मिळालेले माप ग्राह्य धरू नये. कुलूप आवळताना डोके किंचित ओढले जाते, म्हणून दर वेळी आवळूनच पाहावे. चेकनट सैल करून बोल्ट थोडा फिरवावा, डोके त्याच्यावर टेकवावे, कुलूप आवळावे आणि मोजावे, असे जमेपर्यंत करावे. चेकनट आवळताना बोल्ट एलन कीने धरून ठेवावा, अन्यथा तो नटाबरोबर फिरतो.

येथेही अंतिम निर्णय उलट-कापाचा. यावेळी तुकडा आडवा न ठेवता यंत्राच्या क्षमतेत बसेल तेवढा उंच, फेन्सला टेकवून उभा धरावा, कापावा आणि एक तुकडा वरची कड खाली येईल असा उलटावा. फट वर किंवा खाली दिसेल, आणि तीही दोषाच्या दुप्पट असेल. उभा काप पक्का झाल्यानंतरच ४५ अंशांच्या बोल्टला हात लावावा. ४५ अंशांचे दोन तुकडे जोडून मिळणारा काटकोन गुण्याने तपासणे हे एका तुकड्याचा ४५ अंश मोजण्यापेक्षा खात्रीचे असते.

दर्शक, लेझर आणि चौकटीची कसोटी

मोजपट्टीचे दर्शक, लेझर आणि पात्याची सावली पाडणारा दिवा हे सर्व शेवटी, कापाला जुळवून बसवावे. मेजातील प्लास्टिकची फटपट्टी मेजाच्या पातळीत किंवा केसभर खाली असावी. ती वर आली असेल तर लाकूड तिच्यावर डुलते.

यानंतर पातळ पट्ट्यांची एक छोटी चौकट कापून पाहावी, आणि निकाल वाचताना एक बाब ध्यानात ठेवावी. फेन्स किंचित फिरलेली असेल तर डावीकडचा ४५ अंशांचा काप जेवढा जास्त येतो तेवढाच उजवीकडचा कमी येतो. कोपऱ्याचा एक काप डावीकडून आणि एक उजवीकडून घेतला तर दोघांची बेरीज ९० अंशच भरते आणि दोष लपून जातो, तिरक्या तोंडांची लांबी मात्र किंचित कमी-जास्त राहते. म्हणून चाचणीच्या चौकटीचे सर्व काप मुद्दाम एकाच बाजूला घ्यावेत. कापताना पट्टी फेन्सवरून घसरू नये यासाठी ती शिकंज्याने धरावी. तिरक्या कापात पाते लाकडाला बाजूला ओढते आणि अर्धा मिलिमीटर सरकलेली पट्टी चुकलेल्या कोनासारखीच दिसते. पट्टीला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी.

चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूला सारखी फट असेल तर कोन ४५ अंशांपेक्षा जास्त येतो आहे, बाहेरच्या बाजूला असेल तर कमी. तीन कोपरे मिटतात आणि चौथाच उघडा राहतो, असे वारंवार होत असेल, तर बोल्टांना पुन्हा हात लावण्यापूर्वी समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांची लांबी तपासावी. त्यांत फरक आढळला तर यंत्र निर्दोष आहे, आणि उपाय म्हणजे फेन्सवर एक थांबा-ठोकळा शिकंज्याने बांधून दोन्ही पट्ट्या त्याला टेकवूनच कापणे.